बांधावरचं नवं वर्ष

गेल्या वर्षी बाराच्या ठोक्याला
टॉक्ये न्हाणीघरातल्या टबामागे शिरली
ती उजाडेपर्यंत निघाली नाही.
वीबे फरशीवर आडवा पडून
तिला लाडीगोडीनं हाका मारत राहिला,
शेजाऱ्यांनी ऐकू नयेत अशा.

म्हणून यंदा एकतीस डिसेंबरला
मक्कुममधून सगळी गाडीतच निघाली:
हिल्त्ये, नातू, थर्मास,
आणि मागच्या सीटवर
घोंगडीसकट बाईसाहेब.

बत्तीस किलोमीटरचा बांध.
एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला तळं,
इथे फटाके उडवायला कोण येतंय?

थांब्यावर आधीच अकरा गाड्या.
प्रत्येकीच्या काचेला आतून
एक ओलं नाक.
हॉर्न कुणी वाजवत नाही.
दिवे तेवढे एकदा मिचकावतात,
झालं, शुभेच्छा पोचल्या.

हिल्त्ये तळलेला गोळा फोडते,
चष्मा कपाळावर सारून
एकेक मनुका वेचून काढते.
कुत्र्यांना मनुका विषारी,
नातवानं तिसऱ्यांदा बजावलंय.
उरलेला तुकडा मागे जातो.

बारा.
दोन्ही टोकांना गावं पेटतात, हिरवी, तांबडी.
आवाज वाटेतच कुठेतरी
पाण्यात बुडतो.

नाकावर पिठीसाखर घेऊन
टॉक्ये लांबलचक जांभई देते.

"नवं वर्ष लागलं गं," वीबे म्हणतो,
तेही कुजबुजत.