दितवार

बायपासच्या पलीकडं, जिथं परवापर्यंत सोयाबीन होतं,
तिथं आता हिरवं प्लास्टिक अंथरलंय.
रविवारी सकाळी साडेसहाला
मी गेटपाशी टेबल लावून बसते.
फॉर्म तपासायचे, पावत्या फाडायच्या.
त्या बदल्यात माझ्या ओजसची फी अर्धी.
(बाकीच्या आयांना वाटतं, मला हौस आहे.)

जाळीबाहेर तेव्हा बिल्डिंग चढत होती.
तिथली पोरं वाळूच्या ढिगावर बसून खेळ बघायची,
चेंडू बाहेर गेला की पायानंच परत धाडायची.
त्यातल्या एकाचा चेंडू
जाळीवरून येऊन
ज्याचा गेला होता नेमका त्याच्याच पायाशी टेकायचा.
तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा
महूच्या सायमन सरांनी तोंडातली शिट्टी काढली.
"आत ये रे."

आला. अनवाणी, गुडघ्यांवर सिमेंट.
"मामाला घेतलंय," कुणीतरी हसलं.
आमच्या इंदुरात झाबुआकडच्या माणसाला मामा म्हणतात.
भाऊबीजेला बोलवायचा नाही,
लग्नात नवरीमागं उभा करायचा नाही,
लांबूनच नातं फेकायचं.
मीही फेकत आलेय, कधी जीभ अडखळली नाही.

वीस मिनिटं खेळला.
पहिली दहा त्याला कुणी पास दिलाच नाही.
मग त्यानं मागणं सोडलं,
नुसता तिथं जाऊन उभा राहिला
जिथं चेंडू अजून यायचा होता.
ओजसच्या पायांतून तो कधी निसटला
ओजसला कळलं नाही.
मला कळलं.

फॉर्म माझ्याच हातात.
नाव: दितलिया अजनार.
जन्मतारीख?
डोक्यावरचं घमेलं न उतरवता त्याची आई म्हणाली,
"दितवार होता. मोह गळत होता."
पोराच्या नावातच वार आहे, बाई, आणखी काय पाहिजे,
असं काही ती बोलली नाही.
आधारवर एक जानेवारी.
त्यांच्या फळियात सगळेच एक जानेवारीचे,
कुण्या मास्तरानं एका दुपारी
सगळ्यांना एकदम जन्माला घातलेलं.
सालही त्यानंच अंदाजे टाकलं असणार,
कार्डावर चौदा पूर्ण,
टेबलापाशी उभा जेमतेम दहाचा.
तेराखालच्या संघात बसत नाही.
पंधराखालच्यांना बूट, किट, तिमाहीचे एकोणीस हजार,
शिवाय मंगळवार-गुरुवारची संध्याकाळ,
जेव्हा धाकटी त्याच्या कडेवर असते.

सर हळूच म्हणाले, "बघा ना, काही होतंय का."
होत होतं. शाळेचा एक दाखला, एक प्रतिज्ञापत्र,
दोन फोन. माझा दीर कलेक्टर कचेरीतच आहे.
मी मान वळवली.
ओजस बाटली उलटी करून पाणी पीत होता,
संघात जागा अकरा, तो अकरावा.
"सर, नियम आहे," मी म्हटलं.
स्वच्छ, शिक्का मारल्यासारखा आवाज आला.

दिवाळीनंतर बिल्डिंग पुरी झाली.
माणसं पीथमपूरला गेली म्हणे, नाहीतर देवासला.
वाळूच्या जागी लॉन आहे.
चेंडू तिकडं गेला की गार्ड
रजिस्टरात सही घेऊन परत देतो.

ओजस डावीकडून खेळतो. बरा खेळतो.
परवा पोह्यांवर जीरावण भुरभुरताना म्हणाला,
"आई, तो मामा कुठं गेला गं?"
"दितलिया," मी म्हटलं. "दितलिया नाव आहे त्याचं."
"हो, पण कुठं गेला?"
पोहे गार झाले.