अंगठा

नेहते साहेबांनी तुला माझ्याकडे पाठवली
म्हणजे दहा मिनिटांत काम शिकव, असा त्यांचा हिशेब.
काम दहा मिनिटांचंच आहे, हमिदा.
पट्ट्यावरून तुरीची डाळ येते,
काळा दाणा दिसला की उचलायचा.
डोळे आहेत तुला. बाकीचं सांगते.

पिशवी तिसऱ्या खिळ्याला लाव.
दुसरा ढिला आहे. पहिला सुमनबाईचा.
ती मार्चपासून येत नाही,
पण तिथे अजून कुणी काही लावलेलं नाही.

नाकावर रुमाल घट्ट, आणि सुती. नायलॉन घसरतो.
धूळ पहिले आठ दिवस आपल्या घशात बसते,
मग आपणच तिच्यात बसतो.

चाळणी चालू असताना कुणी काही बोललं
तर ऐकू आल्यासारखी मान हलवू नकोस.
मी एकदा हलवली, आणि दोन रविवार
ओव्हरटाइम माझ्या नावावर पडला.

‘कुठली गं?’ विचारतील. पाल म्हण.
‘पालच्या पुढे कुठे?’ विचारतील.
वाटलं तर सांग, नाहीतर पट्ट्याकडे बघ.
जळगावच्या बाया वाईट नाहीत,
माणूस कुठल्या फळीवर ठेवायचा
ते त्यांना आधी ठरवावं लागतं, एवढंच.

आणि दाराशी ते यंत्र.
सकाळी तीनदा म्हणालं, प्लीज ट्राय अगेन,
मागे रांग खोकली,
तू अंगठ्याकडे असं पाहिलंस
की घरून चुकून दुसऱ्याचाच आणला.
मी पाहिला तो. केळीचा चीक, काळा, रेघांत मुरलेला.
किती वर्षं घड वाहिलेस ते विचारत नाही.

ऐक, कोरडा अंगठा त्याला कळत नाही.
इथे घास, भांगाखाली, तेल उतरतं तिथे.
मग ठेव. दाबायचा नाही,
तव्यावरच्या भाकरीला लावून बघतो
तेवढाच.
हे मला सुमनबाईनं दाखवलं होतं.

एक वाजता भोंगा होईल
आणि तू डबा घेऊन पोत्यांमागे जाशील.
मीही जायचे. अकरा दिवस.
कळण्याची भाकरी, ठेचा, आणि मनात
की ह्यांच्या डब्यांत मऊ पोळ्या असणार.
बाराव्या दिवशी सुमनबाई पोत्यांमागे आली,
माझ्या डब्यातली अर्धी भाकरी उचलली,
‘ठेचा बरा शे,’ म्हणाली आणि निघाली.
भाकरीच्या मागे मला जावंच लागलं.
बाहेर, लिंबाखाली, सगळ्यांकडे
कळण्याचीच होती. एकीकडे शिळी.

मला काही अकरा दिवस धीर निघणार नाही,
आजच सांगते. डब्यात काय आणलंस?

आणि हो, अंगठा लागला
की यंत्र थँक्यू म्हणतं.
त्याला उत्तर द्यायचं नसतं.
मी महिनाभर देत होते.