चौथी नळी

पहिली नळी पाइपलाच चिकटली.
दोघांनी पाइप धरला, दोघांनी नळी ओढली,
विजेच्या खांबाला दोर बांधूनही पाहिला.
शेवटी हेमराज पावराने करवत आणली
आणि आमचे तीन दिवस उभे चिरले.
आत मेणकागदाला एकच चुणी पडलेली,
नखाएवढी.

दुसऱ्या वेळी भर दुपारी रेझिन कालवलं,
जळगावात, मे महिन्यात.
डब्यावर लिहिलंय: चाळीस मिनिटं चालेल.
लिहिणारा इथल्या पत्र्याखाली कधी उभा राहिला नसणार.
अकराव्या मिनिटाला पेला धुमसायला लागला,
ब्रश आत ताठ, कुल्फीच्या काडीसारखा,
काचेचं कापड निम्मं ओलं, निम्मं कोरडं,
आणि मंजूषा अजून घड्याळ बघत मोठ्यानं सांगतेय
एकोणतीस उरली, अठ्ठावीस उरली.

तिसरी मी एकटीने केली.
तिच्याबद्दल बोलत नाही.

अजिंठा चौफुलीजवळ सुपडू मिस्त्रींचं लेथ आहे.
गेले होते दुसऱ्याच कामाला:
ॲल्युमिनियमची चकती, पंजाएवढी,
रॉकेटच्या पोटातली आडवी भिंत.
"हिच्यावर जोर कशाचा?"
पॅराशूट उघडतं तेव्हाचा झटका.
साठ किलो. अंदाजे.
"अंदाजे म्हंजे?"
मी वहीची पानं उलटत राहिले.
त्यांनी तोवर चहा सांगितला,
चकतीची कड अंगठ्याने चाचपली,
पुन्हा चढवली, केसभर घेतलं.

मग नळीचं रडगाणं ऐकून म्हणाले,
"दुपारी वढता का तुम्ही?
तव्हा तर तो पाइप फुगेल राह्यतो.
उन्हात शिजू द्या, पहाटी सोडवा.
जास्तच रुसला,
तर गार पानी वता त्याच्या पोटात."

पुस्तकात होतं हे.
प्रसरणाचा गुणांक, तक्ता सहा.
मला त्यात चौदापैकी तेरा मार्क होते.

पहाटे साडेतीन, होस्टेलची गच्ची.
एका बल्बाखाली सहा थर गुंडाळले,
पंचेचाळीस अंशात उजवा, मग डावा,
मोडलेलं बोट बांधावं तसे.
कुणी बोललं नाही.
हेमराज पाइप फिरवत होता,
निखाऱ्यावर मक्याचं कणीस फिरवतात तसा, न कंटाळता.
सूर्य वर आला, आम्ही खाली पळालो.
पुढचं काम उन्हाचं होतं,
सेहेचाळीस अंश, दिवसभर, फुकट.
भट्टीसाठी कॉलेजला दिलेला अर्ज
अजून कुठल्याशा टेबलावर आहे.

दुसऱ्या पहाटे माठ वर नेला.
पाणी पाइपातून गेलं,
पलीकडच्या तोंडाने मंजूषाच्या पायांवर पडलं,
आणि आतून कुठून तरी
टक्
एवढाच आवाज.
मी नुसता हात लावला
तर नळी सरकली,
साबण लावलेली बांगडी सरकते तशी.

चारशे बारा ग्रॅम.
इंजिनवाल्यांकडे धूर आहे,
सर्किटवाल्यांकडे लुकलुकणारे दिवे.
आमच्याकडे ही पोकळी, सरळ.
डोळ्याला लावली तर
केळीचा एक ट्रक भुसावळकडे वळताना दिसला,
अख्खा, गोलात.

फैजपूरला घरी फोन केला.
आई म्हणाली, काय केलंस आज?
नळी.
काय आहे तिच्यात?
अजून काही नाही.

उडायला वीस दिवस आहेत.
काल दोन खुर्च्यांवर नळी आडवी होती
आणि हेमराजने तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला.
मी ओरडले. मग वाकून पाहिलं:
मधे जराही झुकली नव्हती.
म्हटलं, अजून एक आण.
बादलीतला, न पिळलेला.

वही काढली.
तीन किलो, अंदाजे, असं लिहिलं
आणि खोडलं.