तीन मिनिटं

फेब्रुवारी. समुद्र गोठलाय, उणे बावीस.
हीउमा बेटावरचं दूध पलीकडे हापसालूला न्यायला
बर्फावरचा रस्ता आजपासून खुला.
कडेनं रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या,
बाकी सगळं पांढरं.

राइगो म्हणाला, उर्वे, हे बघ,
रात्रीतून यंत्रानं अकरा हजार ओळी नीट लावल्या.
खरंच लावल्या होत्या.
माझ्या सात वर्षांच्या आळसावर
कुणी इस्त्री फिरवावी तशा.
एक चूक मी तीन वर्षं शोधत होते,
ती त्यानं धरून दारात आणून ठेवली होती,
मांजर उंदीर ठेवतं तशी.
खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

चाचण्या सगळ्या हिरव्या.
आणि राइगोच्या डोळ्यांत तो प्रश्न,
जो तो सभ्य असल्यामुळे विचारत नव्हता:
मग तुझा पगार कशाला?

खाली, हटवलेल्या ओळींच्या यादीत
एक ओळ होती.
दोन टँकरमध्ये तीन मिनिटं अंतर. फक्त हिवाळ्यात.
शेजारी शेरा, माझ्या आधी कुणीतरी लिहिलेला:
हेल्दुरला विचार.
काढण्याचं कारण यंत्रानं दिलं होतं, स्वच्छ भाषेत.
या अटीचा उपयोग कुठे दिसत नाही,
दिवसाला चाळीस मिनिटं वाचतील.
बरोबरच होतं. कुठे दिसतच नव्हता.

हेल्दुर टँकर चालवायचा.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
फोन बायकोनं उचलला,
म्हणाली, जाळं विणतोय, थांब.
मी थांबले.
(थांबणं हा माझ्या कामाचा भाग आहे,
पगारपत्रकात त्याला रकाना नाही.)

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग श्वास, मग तो:
"ती ओळ अजून आहे होय?
मीच घालायला लावली होती, डोक्यावर उभा राहून."
बराच वेळ काही नाही.
"जड गाडीखाली बर्फ वाकतो, पोरी.
खालचं पाणी लाट होऊन पुढे पळतं.
मागची गाडी लगेच आली
की तिला वाकलेलाच बर्फ मिळतो.
कायनो मागे होता. मी पुढे."
पुन्हा काही नाही.
"भोकातून दूध वर आलं होतं.
पांढऱ्यावर पांढरं. आधी कळलंच नाही मला."

हे मी कुठल्या फाइलमध्ये शोधणार होते?

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.
ही म्हण यंत्रानं वाचली असेल,
कितीतरी भाषांत, कितीतरी वेळा.
त्याला तोंड नाही, यात त्याचा काय दोष.

राइगोला एवढंच सांगितलं:
अकरा हजार ओळी ठेव. छान आहेत.
ही एक परत घाल.
तो म्हणाला, चाळीस मिनिटं, उर्वे. रोज.
मी म्हटलं, हो. रोज.

मग यंत्रालाच सांगितलं, या अटीच्या चाचण्या लिही.
नऊ सेकंदांत लिहिल्या, माझ्याहून बऱ्या.
मध्यरात्रीच्या ठोक्याला बर्फावर असलेल्या गाडीचं काय,
तेही त्यात होतं.
मला सुचलं नसतं.

शेरा मात्र मी हातानं लिहिला.
जुना पुसला; हेल्दुर ब्याऐंशीचा आहे.
तिथे आता बर्फ आहे, लाट आहे,
कायनोचं पूर्ण नाव, हिवाळा कोणता.
आणि शेवटी: काढायची असेल तर आधी मला फोन कर.
उर्वे. आणि नंबर.

संध्याकाळी पहिला टँकर बर्फावर उतरला.
दुसऱ्याचा ड्रायव्हर काठावर, इंजिन चालू,
पट्टा सोडलेला, दार किंचित उघडं,
घड्याळाकडे बघत मला शिव्या घालत असणार.
घालू दे.
नंबर तिथे लिहिलाय.