क्लोरीन उडून जाईपर्यंत

पहाटे चार चाळीसला
सातपूरच्या टाकीखाली, खड्ड्यात
मी चावी घालतो. साडेचार फुटी, लोखंडी,
वरती आडवा दांडा. अकरा फेरे.
सातव्या फेऱ्याला पाइपाच्या पोटात गुरगुर होते,
मग कळतं, निघालं.

आधी अशोकनगर, मग श्रमिकनगर, मग चढ,
आमच्या गल्लीत यायला त्याला सहा वाजतात.
दर शुक्रवारी हर्षला त्यातलं पातेलंभर
बाजूला काढते, रात्रभर उघडं ठेवते.
का, विचारलं तर म्हणते,
पप्पा, क्लोरीन उडून गेलं पाहिजे,
नाहीतर आई मरेल.

आई म्हणजे बरणीतला तो पापुद्रा.
धिरड्याएवढा जाड, पिवळट, थोडा ओंगळ.
पुण्याहून एसटीने आणला तिने,
लोणच्याच्या बरणीत, मांडीवर धरून,
सिन्नर येईपर्यंत झाकण उघडून दोनदा बघितलं म्हणे.
आता ती आई साखर खाते, चहा आंबवते,
आणि पंधरवड्याला एक लेक देते, वरच्या अंगाला, पातळ.
बरणीला फडकं बांधताना
माझी बायको हळूच हात जोडते,
कुणी बघत नसेल तर.

बाळनाथ पगारे फिल्टर प्लँटवर
बत्तीस वर्षं क्लोरीन सोडतोय.
त्याला सांगितलं, तुझं औषध माझी पोरगी
हवेत सोडून देते, जंतू जगावेत म्हणून.
तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
मग म्हणाला,
गॅस्ट्रोच्या साथीत मी तीन रात्री
घरी गेलो नव्हतो.

मे महिन्यात मुतखडा निघाला.
डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर.
हर्षला म्हणाली, त्यातले दोन ग्लास माझे घ्या,
पाणी तर सगळेच पितात.
मी म्हटलं, बघू.
ड्यूटीच्या वहीत, मागच्या पानावर नोंद ठेवली.

सोमवार. आंबट, दोन ग्लास. जिभेला चावतं.
द्राक्षं काढून झाल्यावर मळ्यात येतो तसा वास.
ढेकर चार. तहान गेली,
अर्ध्या तासाने परत आली,
पिशवी विसरलेल्या पाहुण्यासारखी.
मंगळवार. पाणी. काही नाही.
बुधवार. आंबट. बाटली उघडली तर फेस थेट छतापर्यंत,
बायको तासभर हसत होती.
गुरुवार. पाणी. काही नाही.
शुक्रवार. पाणी. काही नाही.

लिहिताना वाटलं, बरोबर आहे.
पाणी आलं म्हणून
आजवर मला कुणाचा फोन आलेला नाही.

शनिवारी पहाटे तीनला मेन लाइन फुटली.
त्या दिवशी फोन आले. मोजले नाहीत.
गुडघाभर चिखलात एकोणीस तास,
चहूकडे पाणी, पिण्याजोगं घोटभर नाही.
कुणीतरी थंड पेय आणलं, प्यालो, तोंड चिकट झालं.
घरी आलो तर नळ कोरडा, माठ रिकामा,
शेजारच्यांनी दुपारीच नेलेलं.

आणि ओट्यावर शुक्रवारचं पातेलं, जाळी झाकलेलं.

हर्षलाने बरणीकडे पाहिलं. मग तांब्या बुडवला.
मी म्हटलं, अगं, ते तिचं.
ती म्हणाली, ती थांबेल.

दोन तांबे. उभ्याउभ्या.
त्याला वास नव्हता. बाळनाथचा वास नव्हता,
पाइपाचा नव्हता, कसलाच नव्हता,
आणि मला तो, खरं सांगतो, आठवला.
तिसरा तांब्या तिने पुढे केला
तेव्हा मी नको म्हणालो, थोडं तिला राहू दे,
आणि त्या पापुद्र्याला पहिल्यांदाच
ती म्हणालो.

रात्री वही काढली.
शनिवार. पाणी.
पुढे 'काही नाही' लिहायला गेलो
आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसलो.
मग गजर लावला, चारचा.