खंडेनवमीला थिनरची खोली

सकाळपासून कॉम्प्रेसरला झेंडूचे हार,
लेथला, फोर्कलिफ्टला, चहाच्या थर्मासलासुद्धा.
चिखलीहून गुरव आलेत मोपेडवरून,
ताटात निरांजन, कापूर, पाच पानं, सुपारी,
आणि मालक म्हणतात,
कुदळेबाई, तुमची खोली तेवढी राहिली.

माझी खोली.
भोसरीच्या या आवारात अगदी टोकाला, शेडपासून सुटी,
दहा बाय बारा, वर पत्रा, दाराला उंबरा.
उंबरा वीतभर उंच,
लक्ष्मीसाठी नव्हे,
सांडलंच तर बाहेर वाहू नये म्हणून.
आत अकरा पिंपं,
प्रत्येकाचं झाकण मी स्वतः आवळते,
नवऱ्याचा डबा भरताना आवळत नाही इतकं.

नवीन पोरं विचारतात, जाळी एवढी खाली का बसवलीय?
त्यांना वाटतं वास वर जातो.
वाफ जड असते, बाळांनो.
जमिनीलगत चालते, मांजरासारखी,
दाराखालून, गटारातून,
पार पलीकडच्या वेल्डिंगपर्यंत जाऊन बसते
आणि तिथं पेटली
की आल्या वाटेनं घरी परत येते.

फैयाज अत्तार हे ऐकून हसला होता.
आजोबा रविवार पेठेत अत्तर विकायचे,
हा थिनर ओततो,
वासाचा धंदा काही सुटला नाही.
जानेवारी होता, कोरडी हवा, टेरिकॉटचा शर्ट.
पिंपातून कॅनमध्ये धार धरलेली
आणि वायर खुंटीवर तशीच.
दोन क्लिपा, एक पिंपाला, एक कॅनला,
एवढंच तर काम.
टिक् असं झालं म्हणतो,
स्वेटर काढताना होतं, तेवढंच.

उजव्या हाताची कातडी अजून चकाकते,
वॉर्निश मारल्यासारखी.

तर गुरव निघाले ताट घेऊन.
मी म्हटलं, काका, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबा.
मालक म्हणाले, बाई, वर्षातून एक दिवस, देवाचं आहे.
म्हटलं, साहेब, देवाला चालेल.
थिनरला चालणार नाही.
आणि तुमचा मोबाइल त्या डब्यात ठेवा.

मग निरांजन फैयाजनं घेतलं.
लांब, गेटच्या कडुनिंबाखाली उभा राहिला,
वाऱ्याला त्या चकाकत्या हाताचा आडोसा करून.
गुरवांनी दाराला हळदकुंकू लावलं, हार घातला
(जाळीवरचा मी काढून कडीला अडकवला)
आणि रिकामा तळहात तीनदा ओवाळला.
कोणी हसलं नाही.
घंटा मात्र त्यांनी मोपेडपाशी जाऊन वाजवली,
मी काही बोलले नव्हते.

पेढे वाटले. माणसं पांगली. मी रजिस्टर उघडलं.
काल मशीनं पुसायला दोन लिटर दिलं,
दीड वापरलं असं खाली सही करून लिहिलंय,
अर्धा परत यायला हवा. आला नव्हता.

सापडलं.
कॉम्प्रेसरच्या मागे, हाराखाली,
पाण्याच्या बाटलीत,
निळं झाकण नुसतं टेकवलेलं,
बाजूला त्याच थिनरनं भिजलेला बोळा.
आणि हातभर वर, फळीवर, एक पणती.
विझलेली.
कधी विझली कोण जाणे,
वात अजून ऊन होती.

माझ्या खोलीला मी उंबरा घातला,
पट्टा मारला, जाळी बसवली,
आणि ते कोणाच्या तरी हातातून निघून
इथं फुलांत येऊन बसलं होतं,
पाण्यासारखं.

बोळा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकला.
बाटली दोन्ही हातांनी उचलून नेली,
काठोकाठ भरलेलं ताक नेतात तशी.
रजिस्टरात लिहिलं, अर्धा लिटर, जमा.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
तिथं बोटाचा झेंडूचा डाग पडला.
राहू दिला.