शंभर गोण्यांतल्या पाच

डॉक्टर केणींनी गोळ्यांच्या कंपनीच्या पॅडवर
दाराची चौकट काढावी तशी एक रेघ काढली,
एकीकडून वर, मग आडवी, मग दुसरीकडून खाली,
आणि खाली जिथे ती वाकडी होते
तिथे पेन इतकं दाबलं
की कागदाला भोक पडलं.
"हिंदुराव, हे इथे आहे."

मला माहीत होतं.
रस्त्यापलीकडे दाणाबंदरात पोत्यात परखी खुपसतात,
मूठभर दाणा बाहेर, त्यावर अख्ख्या गाडीचा भाव.
मागल्या मंगळवारी नेरुळला
माझ्यात तशीच खुपसली होती.

मी तोलार. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकतीस वर्षं काट्याशी उभा,
त्याआधी सहा वर्षं माल पाठीवर.
लिलाव ऐकावा तसा ऐकत होतो, चेहरा न हलवता.

पोट उघडून करता येईल, बेंबीला वळसा घालून लांब चीर.
किंवा दुर्बिणीतून, चार-पाच भोकं,
दुखणं कमी, घरी लवकर.
"पण आत चिकटलेलं निघालं, रक्त थांबेना,
तर तिथेच, मध्येच, उघडावं लागेल.
तेव्हा तुम्हाला विचारायला
तुम्ही जागे नसाल."

काढायचं ते दोन्हीत सारखंच.
गाठीच्या दोन्ही अंगांनी थोडं चांगलं आतडंही,
आणि भोवतालच्या बारीक गाठी, बारा तरी, तपासायला.
एक कांदा सडला की शेजारचे चार
दिसायला ठणठणीत असले तरी बाजूला काढतोच आपण.
हे पटलं.

मग उरलेली दोन टोकं जोडायची.
"जोड गळू शकतो," त्या म्हणाल्या. "शंभरात पाचेक जणांचा.
गळला तर पोटात विष पसरतं, पुन्हा टेबलावर.
टाक्यांत पू होऊ शकतो. पायात गुठळी होऊन
फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून दुसऱ्या दिवशीच चालवणार.
आणि शंभरातला एखादा…"
पेनाचं टोपण त्यांनी हळूच लावलं.

शंभरात पाच.
हा आकडा मी रोज लिहिला आहे.
शंभर गोण्यांत पाच ओल्या, पाच कोंब आलेल्या.
व्यापारी म्हणायचा, कडता धरा,
गाडीवाला कुरकुरायचा,
मी पट्टीवर लिहायचो,
चहा यायचा.
एका गोणीला टक्केवारी नसते
हे तेव्हा कधी डोक्यात आलं नाही.
तिचा जोड गळतो,
नाहीतर गळत नाही.

कौसल्या तोवर गप्प होती.
"आणि ते पिशवीचं?"

"लागलीच तर. जोडाला विसावा म्हणून
आतड्याचं तोंड पोटावर काढतो,
तीन-चार महिन्यांनी परत आत.
बहुतेकांचं जातं. सगळ्यांचं नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. पाम बीचवर सिग्नल सुटला होता.
पाठीवर पन्नास किलो वागवलंय,
पोटावर पावशेर काय जड?
पण वसाहतीत पत्त्यांना बसतो आम्ही
गुडघ्याला गुडघा लावून,
आणि वास काही पावशेरात मोजत नाहीत.

रिक्षात हे तिला सांगितलं,
कोपरखैरणे येईपर्यंत, तुटक तुटक.
ती मीटरकडे बघत म्हणाली,
"एकतीस वर्षं सडक्या कांद्याच्या सदऱ्याशेजारी निजले.
बोलले कधी?"

सोमवारी सही केली.
दुर्बीण. लागली तर पिशवी. लागलं तर उघडा.
मराठीतला फॉर्म मागून घेतला, चारही पानं वाचली,
स्वरूपाने मोबाईलवर फोटो काढून ठेवले.
मग सिस्टरने वजनकाट्याकडे बोट केलं.

रिकामा काटा दोनशे ग्रॅम दाखवत होता.

"आधी शून्यावर आणा," मी म्हणालो.
ती वैतागली, वाकली, बटण दाबलं.
मी चपला काढल्या.